देवरायांच्या वाटेवर सहा दिवस

पहिला दिवस : पुणे ते आहुपे

१८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील ओरणांविषयी निकाल दिला. देवाच्या नावाने राखलेले प्रत्येक रान, मग ते कितीही लहान असो, जागेवर जाऊन मोजावे आणि त्याला वन म्हणून संरक्षण द्यावे, असा त्याचा एक भाग होता. ही राने पिढ्यान्‌पिढ्या राखणाऱ्या समाजांना वनहक्क कायद्याखाली अधिकार मिळावेत, ही शिफारस त्याच निकालात होती. पण पहिल्या भागाची बातमी झाली आणि दुसरा भाग शोधून वाचावा लागला. मला मात्र तो दुसरा भागच निकालाचा गाभा वाटत होता. आपल्याकडच्या देवराया कोणी राखल्या, कशा राखल्या आणि आज त्या राखण्याचा अधिकार नेमका कोणाकडे आहे, हे पुन्हा एकदा जागेवर जाऊन पाहावे, असे ठरवून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि वनस्पतिशास्त्र शिकवणारी माझी एक मैत्रीण, अशा दोघी पुण्याहून निघालो.

मंचर, घोडेगाव मागे पडले आणि डिंभे धरणाचे पाणी उजाडलेल्या डोंगरांच्या मधोमध पसरलेले दिसू लागले. घोड नदीवरच्या या धरणात महादेव कोळ्यांची गावे गेली, आणि गावांबरोबर त्यांची शेते आणि देवांची ठिकाणेही गेली. पुढचा रस्ता वळणे घेत चढत राहतो. ज्या डोंगरांवरचे रान कोळशाच्या भट्ट्यांसाठी तोडले गेले ते अजूनही बोडके आहेत, आणि म्हणूनच आहुप्याच्या अलीकडे काळपट हिरवा झाडोरा एकदम समोर आला, तेव्हा आमचे बोलणे आपोआप थांबले.

मुक्काम एका महादेव कोळी कुटुंबाकडे होता. रात्री नाचणीची भाकरी आणि उडदाचे घुटे जेवून चुलीपाशी बसलो असताना घरातल्या आजोबांना विचारले, की उद्या राईत गेलो तर चालेल का. ते म्हणाले, ‘‘जायला कोन अडवतंय ताई? पन तिथलं काही आनायचं नाही. पानसुद्धा नाही.’’

दुसरा दिवस : आहुपे

सकाळी कड्याशी जाऊन आलो. खाली कोकणातले खोपिवली धुक्यात होते आणि गोरखगड व मच्छिंद्रगडाचे सुळके तेवढे वर आलेले होते. पण कडा पाहायला पुष्कळ लोक येतात, त्याविषयी लिहिलेही पुष्कळ गेले आहे. आम्हांला भैरवनाथाच्या राईत जायचे होते.

राईच्या तोंडाशी आजोबांनी वहाणा काढल्या, आम्हीही काढल्या. आत पाऊल टाकताच पायाखालची जमीन बदलली. बाहेर वाटेची माती वाळून कडक झाली होती आणि आत पाचोळ्याचा थर इतका जाड होता, की पाऊल हलकेच खाली जात होते. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा आणि आंबा यांची ओळखीची झाडे इथे अनोळखी वाटावीत इतकी वाढलेली होती. वरच्या फांद्यांच्या बेचक्यात शेकरूची दोन-तीन घरटी दिसली, आणि थोड्या वेळाने एक शेकरू स्वतःच या झाडावरून त्या झाडावर झेप घेताना दिसले. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले, आणि त्यामागे राज्यप्राणी असलेल्या या शेकरूचा मोठा वाटा आहे. त्याला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जायला शेंडे एकमेकांत मिसळलेले लागतात. तसे शेंडे या भागात कुठे शाबूत राहिले, याचे उत्तर पायाखाली आणि डोक्यावर होते.

वाटेत एक भले मोठे खोड आडवे पडले होते. मी त्याच्याशी बराच वेळ बसले. साल गळून गेली होती आणि आतले लाकूड भिजवलेल्या भाकरीसारखे मऊ झाले होते. त्याच्या भेगांत पांढऱ्या अळंब्यांच्या रांगा होत्या, वरच्या अंगाला शेवाळाची साय धरली होती आणि त्या शेवाळातून बोटभर उंचीची रोपे उठली होती. मैत्रिणीने वाकून ती मोजली : सतरा. गावात चूल लाकडावर पेटते आणि सरपणासाठी बायकांना लांबवर जावे लागते; असे असताना गावापासून हाकेच्या अंतरावर पडलेल्या या खोडाला कोणी कोयता लावलेला नव्हता. मी आजोबांना तसे बोलून दाखवले. ते एवढेच म्हणाले, ‘‘उभं होतं तेव्हा त्याचं होतं. पडलं तरी त्याचंच.’’

ज्याला आपण अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारतो, त्यात जंगलाविषयीची किती खोल समज असते, हे त्या खोडाजवळ बसून कळते. उभे झाड तोडू नये, इथपर्यंत बहुतेक शहाणपणे येऊन थांबतात. पडलेले झाडही उचलू नये, कारण पुढचे झाड त्याच्यावरच उगवायचे आहे, हा नियम ज्यांनी केला त्यांनी जंगल वरवर पाहिलेले नव्हते.

परतताना आजोबांनी एक गोष्ट सांगितली आणि ती मला अजून सलते. गाव अभयारण्यात मोडते, त्यामुळे हिरडा गोळा करायला गेले तरी मनात धाकधूक असते. हिरड्याचा पैसा हा या लोकांचा हक्काचा रोख पैसा आहे. ‘‘आमी राखलं म्हनून जंगल हाये, आनि जंगल हाये म्हनून आमालाच इचारत्यात, तुमी इथं कशाला,’’ असे ते शांतपणे म्हणाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर तो मिळाला आणि त्या गावाने तो उत्तम रीतीने वापरूनही दाखवला. परंतु कागदावरचा अधिकार आणि मनातली धाकधूक यांच्यातले अंतर सह्याद्रीच्या या माथ्यावर अजून पुष्कळ आहे. दुपारी उतरून पुण्याला मुक्कामी आलो.

तिसरा दिवस : ताम्हिणी, गाणी

पहाटे निघून ताम्हिणीत विंझाईच्या देवळापाशी चहापुरते थांबलो आणि माणगाव, म्हसळामार्गे श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावाकडे वळलो. या गावाला यायचे, हे मनात कित्येक वर्षे होते.

माधव गाडगीळ आणि महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीचे वा. द. वर्तक हे दोघे सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवराया पायी हिंडून पाहत होते. त्यांचा १९७६ सालचा निबंध हा या विषयाचा आधुनिक पाया मानला जातो. त्या काळात गाणीच्या गावकऱ्यांनी त्यांच्याशी संपर्क साधला. काळकाईची राई तोडायला निघाली होती आणि ती वाचवायला मदत करा, अशी त्यांची विनंती होती. गाडगीळ-वर्तक गावात गेले, तेव्हा गावकऱ्यांनी देवीच्या कोपाचे नाव नंतर घेतले, आधी पाण्याचे घेतले. राईतून उगम पावणारा ओहोळ हाच गावाचा आधार होता, आणि राई गेली तर तो आटणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यानंतर शब्द टाकला गेला आणि राई वाचली. देवराई म्हणजे निव्वळ भीतीपोटी राखलेले रान, असे जे सर्रास लिहिले जाते, त्याला ही एक हकीकत पुरेशी आहे.

गावात पोचलो तेव्हा उन्हे कलली होती. एका काकांनी ‘‘काळकाईकडे जायचंय ना, चला, मी पण दिवा लावायला निघालोच आहे,’’ असे म्हणून सोबत दिली. आजूबाजूच्या टेकड्यांवर जानेवारीतच गवत पिवळे पडले होते. राईची कड मात्र एखाद्या भिंतीसारखी सरळ उभी होती. आतल्या अंधारात डोळे सरावले तेव्हा पहिल्यांदा दिसली ती गारंबी. माणसाच्या मांडीएवढा तिचा वेल पिळे घालत एका झाडावरून उतरला होता, काही अंतर जमिनीवरून सरपटला होता आणि पुन्हा दुसऱ्या झाडावर चढून दिसेनासा झाला होता. तिची शेंग हातभर लांब असते आणि बी तळहातावर मावेल एवढी मोठी आणि गुळगुळीत. अशी वेल वाढायला तिला पेलणारी झाडे आधी वाढलेली असावी लागतात. म्हणून जिथे जुनी गारंबी आहे तिथे रान कधी मोकळे केले गेलेले नाही, असे समजायला हरकत नाही. मैत्रीण तिला राईचा जन्मदाखला म्हणते.

काकांनी दिवा लावला, हात जोडले आणि खाली ओहोळाकडे बोट दाखवून म्हणाले, ‘‘आमच्या आईबापांनी हिला राखली, असं आम्ही म्हणतो खरं. पण बाई, राखलं हिनं आम्हाला.’’ रात्री श्रीवर्धनला राहिलो.

चौथा दिवस : प्रवास

दिवसभर गाडीत होतो. म्हसळा, माणगाव, महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण करत संध्याकाळी संगमेश्वरला पोचलो. महामार्गाच्या रुंदीकरणात गेलेल्या जुन्या वडा-आंब्यांची आठवण काढत हा रस्ता कापावा लागतो, त्याविषयी अधिक लिहीत नाही.

वाटेत बोलणे ओडिशातल्या नियमगिरीकडे वळले. त्या डोंगरावर बॉक्साइटची खाण होणार होती. डोंगरिया कोंधांसाठी तो डोंगर म्हणजे नियमराजाचे स्थान. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की याचा निर्णय ग्रामसभांनी करावा, आणि त्याच वर्षी बारा ग्रामसभा भरल्या. बाराच्या बारा गावांनी खाण नाकारली. मैत्रीण म्हणाली, की तिथे देवाला न्यायालयात उभे राहावे लागले नाही, गावाला विचारले गेले आणि गावाने उत्तर दिले. मला वाटते, आमच्या या सगळ्या फिरण्याचे सूत्र तिने त्या वाक्यात सांगितले होते. ते नीट कळायला मात्र पुढचे दोन दिवस लागले.

पाचवा दिवस : संगमेश्वर तालुका

रत्नागिरी जिल्ह्यात देवराईला देवरहाटी म्हणतात. आज ज्या गावात गेलो, त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण जे पाहिले ते त्या एकाच गावाचे नाही.

देवरहाटीच्या वाटेवर ग्रामदेवतेचे नवे देऊळ लागले. सिमेंटचा सभामंडप, चकचकीत फरश्या, स्टीलची रेलिंगे आणि देणगीदार चाकरमान्यांच्या नावांची संगमरवरी पाटी. देवळामागे रहाटी सुरू होते, पण पहिल्या शंभर पावलांत झाडांपेक्षा बुंधेच अधिक होते. करवतीने कापलेले ते बुंधे अजून ताजे दिसत होते. एकावर राळेचे थेंब सुकून मधासारखे गोठले होते. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी पैसे कमी पडले, तेव्हा किंजळ आणि आंब्याची झाडे विकली गेली होती. रत्नागिरीकडे पुष्कळशा रहाट्या देवस्थानाच्या किंवा खाजगी मालकीच्या जमिनींवर आहेत आणि तिथे वनखात्याचा थेट अंमल नाही. म्हणजे इथे बाहेरून कोणी येऊन काही हिसकावून घेतलेले नव्हते.

कोणाला दोष द्यायला मी गेले नव्हते, पण वाईट फार वाटले. सोबतच्या मानकऱ्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘देवीच्या कामाला देवीचं झाड घ्यायची रीत जुनीच आहे. कौल लावला होता.’’ त्यांचे म्हणणे खोटे नाही. वासा मोडला, तुळई कुजली, तर देवीची परवानगी घेऊन रहाटीतले एक झाड काढायचे, ही रीत आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली आहे. पण त्या रीतीत लाकूड देवळातच लागत असे, आणि म्हणून देऊळ जेवढे, तेवढीच तोड होत असे. सिमेंटच्या देवळाला लाकूड लागत नाही, पैसा लागतो. आणि पैशाला लांबी-रुंदी नसते. रीत शब्दाने पाळली गेली, पण तिच्यात जो माप ठेवणारा हात होता तो निघून गेला.

रहाटीच्या आतल्या भागात एका दगडापलीकडे बायकांनी जायचे नाही, असा नियम होता. आम्ही दोघी थांबलो. हा नियम मला मान्य नाही आणि तसे मी मानकऱ्यांना विनयाने सांगितलेही; गावाने राखलेल्या रानात निम्म्या गावाला वाट नसावी, हे बरोबर नाही. दगडापाशी एक आजी सुकलेली पाने झाडत होत्या. त्या माझ्याशी बोलू लागल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, ‘‘झाडं गेली ती कौल चुकला म्हणून नाय. कौल लावताना गाव नव्हता, पाच जण होते. बाकी समदे मुंबैला.’’ आजींनी एका वाक्यात जे सांगितले, ते मला कोणत्याही अहवालात सापडले नव्हते. कौल म्हणजे केवळ देवाला विचारणे नव्हे; सगळा गाव समोर उभा असताना विचारणे. कोणी तरी मागून ‘नको’ म्हणू शकते, एखादी म्हातारी रडू शकते, एखादा तरुण अडून बसू शकतो, आणि मग गाऱ्हाणे पुन्हा घालावे लागते.

मागे वळताना उरलेल्या रानातल्या एका उंच बेहड्यावर धनेशाची जोडी आली. जुन्या बेहड्याच्या ढोलीत हा मोठा पक्षी घरटे करतो, मादी आत बसते, ढोलीचे तोंड लिंपले जाते आणि फटीतून नर तिला फळे भरवतो. मानकरी वर पाहत राहिले आणि स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले, ‘‘हा बेहडा मागत होते. मी नाही म्हटलं.’’ त्या माणसाविषयी मनात धरलेला राग तिथेच गळून पडला.

सहावा दिवस : हेवाळे-बांबर्डे, तालुका दोडामार्ग

रात्री सावंतवाडीला राहून सकाळी दोडामार्गकडे निघालो. गावातून निरोप होता, की ऊन वर आल्यावरच या, लवकर नको. २००२ पासून कर्नाटकातून उतरलेले हत्ती या तालुक्यात आहेत आणि पहाटे त्यांची वाट कोणती असेल, याचा नेम नसतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जिथे मिश्र जंगल होते तिथे आता रबराच्या सरळ रांगा आहेत. प्रत्येक झाडाला एक वाटी बांधलेली आणि खाली गवताचे पातेही नाही. तिथून अचानक उतरून हेवाळे-बांबर्ड्याच्या राईत शिरलो.

मैत्रीण ज्यासाठी सहा दिवस वाट पाहत होती ते इथे होते. रानजायफळाच्या कुळातल्या मायरिस्टिका मॅग्निफिका या झाडांची ही पाणथळ आहे. अशा पाणथळी केरळात, कर्नाटकात आणि गोव्यात माहीत होत्या. महाराष्ट्रात त्यांची नोंद नव्हती. २०१८ च्या सुमारास ती झाली, तेव्हा ही पश्चिम घाटातली सर्वांत उत्तरेकडची पाणथळ ठरली. अभ्यासकांसाठी तो शोध होता, पण गावाला या राईची माहिती नव्हती असे नाही. गाव तिला देवाची म्हणून राखतच आला होता, म्हणूनच शोधायला काही उरले होते. २०२१ मध्ये शासनाने जैवविविधता कायद्याखाली हे २.५९ हेक्टर क्षेत्र वारसा स्थळ म्हणून जाहीर केले.

पायाखाली काळा, थंड चिखल आणि त्यावरून बोटभर खोलीचे नितळ पाणी सावकाश वाहत होते. झाडांच्या बुंध्यांना चहूबाजूंनी आधारमुळे फुटलेली होती, आणि बुंध्यापासून दूर, चिखलातून मुळे वर येऊन गुडघ्यासारखी वाकून पुन्हा चिखलात गेली होती. अशी शेकडो. पाण्यात बुडालेल्या मुळांना हवा मिळत नाही, म्हणून झाड अशा रीतीने मूळ वर काढून श्वास घेते. मी एका वाकणाला हात लावला : साल खरखरीत आणि पाण्यापेक्षा उबदार. वाकणाच्या खालच्या पोकळीत एक खेकडा बसला होता, तो माझी सावली पडताच मागे सरकला. हे पाणी बारमाही वाहिले तरच ही झाडे जगतात, आणि ही झाडे उभी आहेत तोवरच ते असे वाहते. वरच्या बाजूला एखादी विहीर खोल गेली किंवा ओढा वळवला, तर कोणीही कुऱ्हाड न लावता ही राई संपेल. वारसा स्थळाची हद्द २.५९ हेक्टरांवर थांबते. पाण्याची हद्द तिथे थांबत नाही. गावकऱ्यांशी बोलताना जाणवले, की त्यांना ही गोष्ट कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

मैत्रिणीला पाण्यावर पडलेले एक पान सापडले, तिच्या कोपरापासून बोटांपर्यंत पोचेल एवढे. महाविद्यालयाच्या संग्रहासाठी ते हवे होते. रीतसर जैवविविधता व्यवस्थापन समितीची परवानगी लागते, हे तिला ठाऊक होते, आणि समितीतले एक जण सोबतच होते. ते म्हणाले, ‘‘माजी काय ना नाय. पन पयला त्येका इचारूया.’’ मग त्यांनी सोबतच्या वयस्क मानकऱ्यांना पुढे केले.

मानकऱ्यांनी पाषाणाशी पाणी शिंपडले, ओल्या दगडावर दोन बाजूंना फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणे घातले. आम्ही कोण, कुठून आलो, काय मागतो, कशासाठी मागतो, हे सगळे त्यांनी त्या दगडासमोर खणखणीत आवाजात सांगितले. गावातले सात-आठ जण जमले होते. ‘‘व्हय म्हाराजा’’ म्हणून त्यांनी साथ दिली. मग सगळे गप्प झाले. पाण्याचा आवाज तेवढा येत होता. बराच वेळ काही झाले नाही, आणि मग डावीकडची पाकळी सुटून खाली पडली.

‘‘नाय म्हणता,’’ मानकरी आमच्याकडे वळून म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आमच्याविषयीचे वाईट वाटणे स्पष्ट दिसत होते.

मैत्रिणीने मान हलवली. ती जिथून पान उचलले होते तिथवर चिखलातून परत गेली, वाकली आणि पान पाण्यावर ठेवले, जसे होते तसे, देठ वरच्या अंगाला करून. ते जरा हलले, एका वाकलेल्या मुळाला टेकले आणि तिथेच राहिले. आम्ही पाय धुऊन वहाणा घातल्या आणि रस्त्याला लागलो.